तीनशे वाचक आणि एक चोर

३ जून, सकाळी ९.२०
वेबसाइट हॅक झाली. माझी वेबसाइट! दादाच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या टिपणांवर, अगदी मथळ्यातच, टकलावर केस उगवण्याच्या गोळ्यांची जाहिरात. तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. चिठ्ठीशिवाय एक वॉशर बाहेर जाऊ दिला नाही. आणि निवृत्तीनंतर हे दिवस!
वहिनी म्हणाल्या, भावोजी, वॉशर बाहेर जायचा नाही म्हणूनच मशीन बंद पडून राहायच्या, असं हे सांगतात. हे म्हणजे दादा. त्याच कारखान्यात मेकॅनिक होता. मेकॅनिक लोकांना स्टोअर कधीच कळलं नाही.

३ जून, दुपारी
आपलं होस्टिंग शेअर्ड आहे. म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स, एका इमारतीत भाडेकरू राहावेत तशा. तेव्हा उघड आहे, शेजाऱ्यांपैकीच कुणीतरी घुसलं. कंपनीच्या चॅटवर सपोर्टवाल्या बाईंना फैलावर घेतलं. शेजाऱ्यांची यादी मागितली, नाव-पत्त्यासकट.
बाई म्हणाल्या, सर, प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. दोष तुमच्याच खात्यात दिसतोय. तुमचा व्हिजिटर काउंटर चार वर्षं अपडेट केलेला नाही, आणि फोल्डरमध्ये कुणीही काहीही लिहावं अशी परवानगी दिलेली आहे.
परवानगी मीच दिली होती. त्याशिवाय काउंटर चालत नव्हता. तो काढून टाका म्हणे. अजिबात काढणार नाही! रोज सकाळी दादा विचारतो, आज किती? मी आकडा सांगतो. आज ३१२. दादा नुसतं हं म्हणतो, पण आतून खूश असणार.

४ जून
कालचा राग अजून उतरलेला नाही. पण राग कामाला लावायचा असतो. आजपासून सुरक्षा माझ्या हातात.
कारण साधं आहे. काचबिंदूने दादाची नजर जवळजवळ गेली. चाळीस वर्षांत त्याने जे जे बिघाड काढले त्यांची १८६ टिपणं साइटवर आहेत, आणि फक्त साइटवर आहेत. त्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या दोन वर्षांपूर्वी रद्दीत गेल्या. सल्ला माझा होता. कागदाला वाळवी लागते, सर्व्हरला लागत नाही, असं म्हणालो होतो. वहिनी ते वाक्य अजून विसरलेल्या नाहीत. गेलं तर पुन्हा मशीन उघडून बघणं दादाला शक्य नाही.
पासवर्ड बदलला. आधी ‘स्टोअर१२३’ होता, आता चोवीस अक्षरी. कार्डावर लिहिला, कार्ड कपाटात, किल्ली माझ्या खिशात.
कंपनी रोजचा बॅकअप आपल्याकडे ठेवते असं दिसलं. आपला माल परक्याच्या गोदामात? टिक काढून टाकली. स्वतः बॅकअप घेतला आणि साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवला. आपला माल आपल्या कपाटात.

७ जून, दुपारी ३.१०
चोर सापडला!! लॉग म्हणून एक फाइल असते, कोण कधी आलं ते त्यात लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून दुपारी साडेबारा ते दीड या वेळात १८६च्या १८६ पानं उघडली गेली. ओळीने. एकसुद्धा सोडलं नाही. शहाणा माणूस असं वाचतो का? सगळा माल उचलून नेला.
तो पत्ता ब्लॉक केला. खूप बरं वाटलं. वहिनींना सांगितलं. त्या काजं करत होत्या. म्हणाल्या, वाचायलाच ठेवलंय ना?
यांना सुरक्षा समजावणं म्हणजे डोकं आपटून घेणं.

९ जून
हिंमत बघा. चोराचा ईमेल आला. नमस्कार साहेब, मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीन दुरुस्त करतो, दोन दिवस साइट उघडत नाही, काही अडचण आहे का. शिवाय वर, टिपण ४१मध्ये बॉबिनच्या केसचा स्क्रू उजवीकडे फिरवा असं आहे, तो डावीकडे असावा, मी तीन मशीनवर करून पाहिलं.
आमच्या दादाच्या चुका काढतो! उत्तर पाठवलं. टिपणं हवी असल्यास कारण नमूद करून तीन प्रतींत अर्ज करावा.
बसेल गप्प.

१२ जून
त्याने तोच ईमेल तीन वेळा पाठवला. विषय: प्रत एक, प्रत दोन, प्रत तीन.
सही नाही या कारणाने नामंजूर.
(४१ बद्दल दादाला सहज विचारलं. तो म्हणाला, मी डावीकडेच सांगितलं होतं रे. पण टाइप मी केलं होतं, आणि माझ्या टायपिंगमध्ये असं होत नाही. चोरानेच आत शिरून बदललं असणार.)

१५ जून
गोळ्या परत! शिवाय आता गुडघ्याचं तेलही. मी पासवर्ड चोवीस अक्षरी केला आणि हे लोक नाकावर टिच्चून आत! सपोर्टवाल्या बाईंची तीच टकळी: काउंटर काढा, परवानगी बदला, अपडेट करा. मी म्हणालो, बाई, आधी शेजारी आवरा. त्या म्हणाल्या, सर, मी तिकीट तयार करते. हे सातवं तिकीट. एवढ्या तिकिटांत जगप्रवास झाला असता.

१६ जून
कडक निर्णय. संपूर्ण साइटला कुलूप. पासवर्डशिवाय कुणालाही एक ओळ दिसणार नाही. स्टोअर असंच चालतं.

१८ जून, सकाळी
साइट बंद असूनही काउंटरवर २९८! लोक बंद दारापाशी उभे आहेत. डोळे भरून आले. दादाला सांगितलं, तुझ्या टिपणांसाठी लोक कुलपाला डोकं लावून बसलेत. दादा म्हणाला, हं.

१९ जून, सकाळी ११
बंद साइटमध्येही गोळ्या आल्या. आता मात्र माझा संयम संपला. बाई म्हणाल्या, सर, फायलींमध्ये घाण शिरली आहे, आम्ही एकेक तपासून काढतो, चार दिवस लागतील. चार दिवस! स्टोअरची साफसफाई मी एका दुपारी करत असे. सगळा माल बाहेर, फरशी धुवायची, माल आत.
कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीसेट अकाउंट’ असं बटण आहे. त्याने विचारलं, तुमची खात्री आहे का. इतकी खात्री मला आयुष्यात कधी नव्हती.

१९ जून, ११.०४
साइट स्वच्छ. एकही गोळी नाही. तेल नाही. टिपणंही नाहीत, पण ती बॅकअपमधून येतील.

१९ जून, १२.३०
बॅकअप त्याच फोल्डरमध्ये होता.

१९ जून, दुपारी
बाईंवर एवढा ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. चॅट करताना ओरडून उपयोग नसतो हे नंतर लक्षात आलं. बाई म्हणाल्या, सर, रोजचा बॅकअप तुम्ही चार तारखेला स्वतः बंद केला आहे, जुन्या प्रती सात दिवसांनी जातात. माणसाला एक टिक काढू कशी देतात हे लोक? कुणाची परवानगी घेतात?

२० जून
दादाने विचारलं, आज किती? ३०५, म्हणालो.

२१ जून
२९९. रोज सारखा आकडा बरा दिसत नाही.

२३ जून
काल रात्रीचं जेवण गेलं नाही. दादा ओसरत्या उजेडात मशीनच्या चाकावर हात फिरवत बसला होता. म्हणाला, सगळं तिथे लिहून ठेवलंस ते बरं केलंस, आता माझ्या डोक्यातूनही निसटायला लागलंय. मी ३१० म्हणालो. त्याने विचारलं नव्हतं.

२४ जून, सकाळी १०
वहिनींना कळलं. गिऱ्हाइकाचे कपडे शिवताना मशीन धागा गोळा करत होती, म्हणून त्यांनी टिपण बघायला मोबाइल उघडला. पांढरं पान.
त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. माझी तयारी होती. शेजारी, कंपनी, बाई, बटण, सगळं जिभेवर होतं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, भावोजी, तो चोर कुठे राहतो?

२४ जून, दुपारी
चोराला मी लिहिणार नाही. माझीही काही इभ्रत आहे. वहिनींनी ईमेल वाचायला मागितले, दिले. तिन्ही प्रती. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

२ जुलै
खोकं आलं. वजन साडेचार किलो. वर्कशॉपमध्ये नेट चालत नाही म्हणून चोराने दुपारच्या सुट्टीत बाहेर जाऊन सगळी पानं उतरवली होती, छापली होती, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली होती. १८६. एकही कमी नाही, मी मोजली. वर चिठ्ठी: आम्ही अकरा जण यांवरून शिकतो. पानांना तेलाचे डाग. समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या, एकोणीस ठिकाणी. एकोणीसही वहिनींनी दादाला वाचून दाखवल्या. एकोणीसही माझ्या टायपिंगच्या निघाल्या. टाइप करताना कारखान्यातला आवाज माझ्या कानात असायचा, असं काहीतरी कारण मी सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं.
पोच म्हणून सही मागितली होती. केली.

६ जुलै
नवी साइट वहिनींनी उभी केली, सपोर्टवाल्या बाईंना विचारून विचारून. दोघी फोनवर तासभर बोलत होत्या, हसतही होत्या. काउंटर नाही. कुलूप नाही. बॅकअप तीन ठिकाणी: कंपनीकडे, वहिनींकडे आणि चोराकडे.
मी मध्येच बाईंना एकच प्रश्न विचारला. बंद साइटवर तीनशे माणसं कशी येत होती? बाई म्हणाल्या, सर, ती माणसं नव्हती. साइट फोडायला फिरणारे रोबो होते ते, दिवसरात्र दार हलवतात. मग माणसं किती? त्यांनी नोंदी बघितल्या. एक. दुपारी साडेबाराला यायचा.
त्याला मी ब्लॉक केलं होतं.

७ जुलै, सकाळी ९.३०
दादाने विचारलं, आज किती?
तीनशे ओठांवर आलं होतं. वहिनी समोर बसल्या होत्या. मी म्हणालो, अकरा. त्या वर्कशॉपमध्ये अकरा जण तुझ्या कागदांवरून शिकतायत.
दादा सरळ होऊन बसला. अकरा? खरी माणसं? कोण कोण आहेत? कुठल्या मशीन आहेत त्यांच्याकडे? एकेचाळीस नंबरचं जमलं का त्यांना? मग म्हणाला, तू तीनशे म्हणायचास ना, तेव्हा वाटायचं, आंधळ्या माणसाची समजूत काढतोय.
लगेच फोन लावायला लावला. चोराशी पन्नास मिनिटं बोलला. फोन मी धरून उभा होतो, हात भरून आला. इतकं बोलताना दादाला दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला एकदा विचारलं, तो स्क्रू उजवीकडे कुणी लिहिला रे?

७ जुलै, दुपारी
घरात एकही माणूस रागावण्यासारखा उरलेला नाही. फार अवघड झालंय.
वहिनींकडे नव्या साइटचा पासवर्ड मागितला. म्हणाल्या, तीन प्रतींत अर्ज करा.
दिला. सहीसकट.