हुकलेली पेनल्टी

ताफी व्हिएहो, तुकुमान
१८ ऑक्टोबर १९७१

चि. हिलारियो यास बाबांचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. राजधानीत नाव मोठं झालं तसं अक्षरही मोठं झालंय, आणि ओळी कागदावर डोंगर चढताहेत. तुझी आई म्हणाली, एवढा प्रसिद्ध माणूस आता रेघेत कशाला लिहील!

कालचा फुटबॉलचा सामना रेडिओवर ऐकला. तुझ्या क्लबसमोर आपल्याच गावच्या रेल्वे कारखान्याचा संघ, शेवटचं मिनिट, आणि तुझी पेनल्टी खांबाबाहेर. गाव आनंदाने वेडं झालंय. न्हाव्याने आरशाशेजारी तुझा फोटो लावला. सातुर्निनो खाटकाने बरगड्या पाठवल्या. म्हणाला, पोरगा मातीला जागला, पैसे कसले देता!

मला मात्र घास गेला नाही. अकरा वर्षांचा असल्यापासून तुझी एकही पेनल्टी हुकलेली मला आठवत नाही. खरं सांग, मुद्दाम बाहेर मारलीस? ज्याचं खातोस त्याच्याशी बेइमानी करून गावाचं प्रेम मिळवायचं असेल, तर ते मला नको.

तुझा,
बाबा

ब्वेनोस आइरेस
२४ ऑक्टोबर १९७१

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. मैदान ओलं होतं, पाय घसरला, एवढंच. आईला सांगा, जेवतो वेळेवर. बरगड्या खा, उगाच मनाला लावून घेऊ नका.

तुमचा,
हिलारियो

ताफी व्हिएहो
२९ ऑक्टोबर १९७१

चि. हिलारियोस आशीर्वाद.

रेडिओवाला दोनदा म्हणाला होता की पंधरा दिवस पाऊस नाही, मैदानावर धूळ उडतेय. तीस वर्षं मी कारखान्यात वाकडा खिळा सरळ म्हणून कुणाच्या हाती दिला नाही. माझ्याच घरात वाकडं बोलणं चालणार नाही. शेवटचं विचारतो.

बाबा

ब्वेनोस आइरेस
४ नोव्हेंबर १९७१

ती. बाबांना सा. न.

सांगतो. जूनमध्ये सरावात एकाचं कोपर उजव्या डोळ्याला लागलं. तेव्हापासून त्या डोळ्याला धुरकट दिसतं. त्या दिवशी मला दोन चेंडू दिसले, बाबा, आणि मी चुकीच्याला लाथ मारली. क्लबला कळलं तर खेळ संपला, म्हणून कुणाला बोललो नाही. फार भीती वाटते. गावाला प्रेमच वाटू द्या. आंधळा म्हणून कीव करण्यापेक्षा ते बरं.

आईला कळवू नका.

हिलारियो

ताफी व्हिएहो
९ नोव्हेंबर १९७१

चि. हिलारियो, माझ्या लेकरा,

जूनपासूनची तुझी सगळी पत्रं काढून बसलो. दर पत्रात ओळी जास्त वर चढलेल्या. इतके महिने तुझा डोळा आमच्यासमोर टेबलावर पडला होता आणि आम्ही हसत होतो. सगळ्या गावाने तुझ्याबद्दल चांगलंच मानलं. संशय घेणारा मी एकटा निघालो, तुझा बाप.

गुरुवारच्या गाडीने येतोय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेईन, मग क्लबलाही आपण दोघं मिळून सांगू. न्हाव्याला तुझा फोटो उतरवायला सांगितलेलं नाही. आईला मात्र सांगितलं. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मोठ्यांनी धाकट्यांना आशीर्वाद देऊन पत्र संपवायचं असतं. या खेपेला मीच मागतो, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

बाबा