कुणाची आई

फ्रान्सिसटाउन, बोट्स्वाना
१४ ऑगस्ट

प्रिय आई,

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यातल्या गोळ्या तू कोंबड्यांना घालतेस, असं मामा सांगत होता. खरं असेल तर कोंबड्या तरी धडधाकट असतील!

टायरच्या दुकानात माझं ठीक चाललंय. दाढीचे चार केस आलेत. मालक त्यांना दुष्काळातलं गवत म्हणतो.

धाकटीचं लग्न पुढच्या शनिवारी आहे, हेही मामाकडूनच कळलं. निरोप आला नाही म्हणून मी रागावलेलो नाही. खोटं कशाला बोलू, दोन दिवस घास उतरला नाही.

चार वर्षांपूर्वी मी मुलगा आहे असं सांगितलं, तेव्हा तू ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "तू थोरलं मूल. तुझ्यामुळे सगळं गाव मला मा-सेथुन्या म्हणतं, सेथुन्याची आई. माझं स्वतःचं नाव आता कुणाला आठवतही नाही. सेथुन्याच राहिली नाही, तर मी कुणाची आई?" दुसऱ्या दिवशी मी बस धरली. तुझं नाव घेऊन मी पळालो, असंच वाटत राहिलं.

पण मामा म्हणाला, "अरे, नळावर बायका मा-सेथुन्या म्हणून हाका मारून दमतात. ही ओ देईल तर शपथ! म्हटलं, बहिरी झालीस का गं? तर म्हणते, 'ते नाव आता कुणाचंच नाही. माझ्या लेकराचं नाव काय, ते मला कुणी सांगितलंय?'"

आई, तू विचारशील म्हणून मी चार वर्षं थांबलो होतो.

लग्नाच्या सकाळी येतो. कुंपणाबाहेर उभा राहीन. पुरुष बैलाचं मांस शिजवून कुटायला बसतात, तिथे मामाने माझ्यासाठी एक दांडका ठेवलाय. हंड्याजवळून तो तुला नव्या नावाने हाक मारेल, मीठ मागेल. तू ओ दिलीस तर आत येईन. नाही दिलीस तर गुपचूप दुपारची बस धरेन, धाकटीच्या लग्नात तमाशा नको.

पण दे गं ओ. मला घरी यायचंय.

नाव तुझ्या वडिलांचं घेतलंय.

मा-तिरो,
तुझाच मुलगा,
तिरो