करडं मीठ

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि या जानेवारीत मी आमच्या मुख्याध्यापकांशी अगदी तुमच्या आवाजात भांडले. विषयही तुमचाच होता, सहलीचा. तुम्हाला राग येईल ते आधीच सांगून टाकते. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या शाळेला एका कंपनीने दहा चष्मे दिलेत. डोळ्यांवर चढवले की समोरची भिंत नाहीशी होते आणि आपण समुद्राच्या तळाशी उभे असतो, मान वर केली तर डोक्यावरून मासा जातो. याला व्हर्च्युअल सहल म्हणतात, मुलं नुसतं 'गॉगल' म्हणतात. मी नाक मुरडतच तो घातला आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचल्यावर खुर्ची धरून असं काही ओरडले, की अख्खा सहावीचा वर्ग खिदळला. तेव्हा त्यात काही राम नाही असं मी म्हणणार नाही. ज्या घरांत पाणी आलं की हातातलं टाकून हंडे भरायला धावावं लागतं, तिथल्या मुलांना ज्वालामुखी दाखवायला कोण नेणार होतं? मी तर नक्कीच नाही.

पण मग त्याच चष्म्यात मिठागर लागलं. निळं आभाळ, मागे बासरी, आणि दुधासारखे पांढरे मिठाचे ढीग. मुलं "भारी, टीचर, भारी" करत माना फिरवत होती आणि मी मात्र एकदम अकरा वर्षांची होऊन नौपाड्याच्या आपल्या शाळेत, दुसऱ्या बाकावर, खाली मान घालून बसलेली होते. तुम्हाला आठवत असेल. सहल म्हणजे बाग आणि भेळ नव्हे, असं म्हणून तुम्ही आम्हाला मुलुंडच्या पुढच्या मिठागरावर नेलं होतं. पालक कुरकुरले, की मीठ काय बघायचं, घरात बरणी भरलेली आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. बस बांधाशी थांबली, सगळ्या मुली चपला हातात घेऊन उतरल्या, आणि मी पोट दुखतंय म्हणून खिडकीशी बसून राहिले. पोट ठणठणीत होतं. पायात नवे कॅनव्हासचे बूट होते, आमच्या घरातले पहिले, आणि ते ना चिखलात घालायचे होते ना काढून कुणाच्या भरवशावर ठेवायचे होते. लांबून ढीग पांढरे दिसत होते, तेवढं मी पाहिलं. निबंधात लिहिलं, 'बर्फासारखे शुभ्र ढीग सूर्यप्रकाशात चमकत होते.'

तुम्ही तो निबंध वर्गात मोठ्याने वाचलात. मी फुशारून बसले होते. वाचून झाल्यावर वही मिटून म्हणालात, "भाषा छान आहे. बर्फ कधी पाहिलास गं तू?" मी मान खाली घातली. "वाफ्यातून ओढलेलं मीठ करडं होतं. एकोणचाळीस मुलींनी हातात घेऊन पाहिलं. तू कुठे होतीस?" सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघतोय. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मला तुमचा भयंकर राग आला होता, बाई. आता शिक्षिका होऊन सव्वीस वर्षं झाल्यावर कळतं, की तुम्ही मला खोटं बोलल्याबद्दल रागावला नव्हतात. न बघता इतकं छान लिहिता येतं, याची तुम्हाला धास्ती वाटली असणार.

तर वर्गात त्या दिवशी चष्मे काढून झाल्यावर एक मुलगी जागेवरूनच म्हणाली, "टीचर, पण यात पाय झोंबत नाहीत." मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणाली, "आजीचे झोंबायचे ना. ती मिठावर कामाला होती. अजून भेगा आहेत." ती मुलगी एरवी तोंड उघडत नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, की या पोरांना खऱ्या मिठागरात न्यायचं. आपलं ते मुलुंडकडचं आता तसं राहिलेलं नाही, पण पेणच्या बाजूला एक चालू आहे असं कळलं. रविवारी एकटी जाऊन मालकाशी बोलून आले, संडास कुठे आहे, सावली कुठे आहे, सगळं बघून आले. हो, बांधावरूनच बघितलं.

मुख्याध्यापक वाईट नाहीत, भित्रे आहेत. म्हणाले, "मॅडम, चष्म्यातून दाखवलंत ना? झालं की मग. उगाच कुणाला काही झालं तर निस्तरणार कोण?" मी म्हटलं, "सर, तुम्ही दुपारचा डबा चष्म्यातून खाता का?" तिथून पुढे बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी अट घातली, की वर्गातल्या सगळ्या पालकांच्या सह्या आणा, एक जरी कमी पडली तरी सहल रद्द. त्यांना वाटलं असणार, की ही बया दमेल. चाळीस मुलं होती. मी शाळा सुटल्यावर रोज चार-पाच घरं घेतली. कुठे जिने, कुठे कुलूप, कुठे "फोनवर दिसतं की सगळं, मॅडम." दोन आठवड्यांत एकोणचाळीस सह्या झाल्या. राहिली ती नेमकी त्याच मुलीची.

तिची आई कामावरून यायची होती. घरात आजी. पॅसेजमधल्या पाण्याच्या पिंपांमधून अंग चोरत मी आत गेले, बसले, चहा आला. सहलीचं सगळं ऐकून घेतल्यावर आजींनी लुगडं जरा वर घेऊन दोन्ही तळवे माझ्यासमोर केले. वाळलेल्या तळ्याच्या तळासारखे होते. "बग. लगीन झाल्यापासून बांध घातलं, पायांनी चिखल तुरवला, मीठ उचललं. त्या चिखलातनं पोरांना बाहेर काडलं आमी. आनि तू माज्या नातीला परत तिथंच नेतस? वर सहल म्हनतस?" मी चहाचा कप खाली ठेवला. बाई, आपण दोघींनीही सहलीचा विचार नेहमी बघायला जाणाऱ्यांच्या बाजूने केला. मी नमस्कार करून निघाले आणि स्टेशनपर्यंत चालताना मनाशी म्हणत राहिले, की म्हातारीचं बरोबर आहे, सोड आता.

सोडलं नाही. दोन दिवसांनी परत गेले, तेव्हा त्या झोपल्या होत्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आजींनी दारातच विचारलं, "अगो, तू दमत नाय काय?" मी म्हटलं, "आजी, मला मिठातलं काही कळत नाही. पुस्तकात चार ओळी आहेत, त्या मी वाचून दाखवते. तुम्ही चला आणि शिकवा. नाही आलात तर सहल नाही, नातीची नाही आणि कुणाचीच नाही." त्या दारातून बाजूला झाल्या. "मी कवा शालंत गेली नाय. मना मास्तरीन करतस?" आणि हसायला लागल्या. सुनेला हाक मारून म्हणाल्या, सही कर गो, हिचा काय भरोसा, उद्या परत येल.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही गेलो. बस बांधाशी थांबली. चाळीस मुलं उतरली आणि रांगेत उभी राहून वाफ्यातल्या पाण्याकडे संशयाने बघत राहिली. कुणी नाक दाबलंय, कुणी बूट सोडायला तयार नाही, मी मागे उभी राहून "चला, चला" करतेय. आजी काष्टा खोचून कधीच खाली उतरल्या होत्या. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीन, तू पयली ये. तू वर उभी ऱ्हायलीस तर पोरां कशी उतरतील?" मी चपला काढल्या आणि उतरले. वरचं पाणी कोमट, खालचा चिखल गार, आणि टाचेच्या भेगांत मिरची लावावी तशी आग. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मुलांना तेवढंच हवं होतं, सगळी एकदम उतरली.

मग दोन तास आजींनी वर्ग घेतला. तळ पायाने तुडवून तुडवून घट्ट केला नाही तर पाणी जमिनीत मुरतं, हे त्यांनी सांगितलं नाही, एका मोकळ्या वाफ्यात पोरांकडून तुडवून घेतलं. दांड्याला लावलेल्या फळीने मीठ ओढून दाखवलं. एकजण म्हणाला, "टीचर, हे मीठ घाण आहे, गॉगलमधलं पांढरं होतं." आजी म्हणाल्या, "धुतल्यावर पांढरा होतं. आनि धुवाला पन मानूस लागतं." मग कुणीतरी पाय बघायला मागितले. त्यांनी बांधावर बसून ते दाखवले. हसलं कुणी नाही. नात शेजारी बसून, एखादं बक्षीस दाखवावं तसं, कुठली भेग कशी पडली ते सांगत होती. वर्षभरात मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

हे सगळं पाहून मुख्याध्यापकांना सांगितलंय, की पुढच्या वर्षी चष्मे आधी, पाय नंतर. चष्मा नसता तर 'पाय झोंबत नाहीत' हे ती बोललीच नसती, हेही सांगितलं. ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे मला कळतं. पुढच्या वर्षीचा अर्ज मी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे.

हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा उरलेलंही लिहिते. निबंधाच्या त्या तासानंतर तुम्ही मला बाहेर बोलावून म्हणाला होतात, "रविवारी सकाळी सातला तलावापाशी ये, आपण दोघीच जाऊन येऊ." सोमवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी ताप आला होता म्हणाले. ताप नव्हता. मी आले होते. तलावासमोरच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. तुमच्या हातात रबरी चपलांचा एक लहान जोड होता, तो माझ्यासाठी होता हे मला तेव्हाच कळलं, आणि तरी मी मागे फिरले. तुम्ही किती वेळ थांबलात ते माहीत नाही. पुढे सव्वीस वर्षं मी प्रत्येक वर्गाला सांगत आले, की आमच्या बाईंनी मला एकटीला मिठागरात नेलं होतं. या फेब्रुवारीत आजींनी हाक मारली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा उतरले. मुलांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी पहिल्या तासाला सांगणार आहे.