कावळ्याने तुझाच घास उचलला

सुभानजी,

नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नाही, तुला करते. हे पत्र कुठे टाकायचं ठाऊक नाही, तरी लिहिते.

पानिपतात पडलेल्यांना हात जोडायला आमची बस काला अंबला गेली, तिथून तू माझ्यामागे दिल्लीच्या घरी आलास. अडीचशे वर्षांचा उपाशी शिपाई. रोज माझ्या मनगटातून दोन घोट रक्त प्यायचास आणि विचारायचास, "हौसा, दुखलं का गं?" आमचे हे वारले, त्यांनी उभ्या संसारात असं विचारलं नाही. शेजारच्या फौजींच्या बायका मला चेटकीण म्हणायच्या. म्हणेनात का, मी सुखात होते.

मग सर्वपित्री आली. ह्यांचं पान दरवर्षी वाढते. तुझ्या नावाने कुणी कधी घास ठेवला नाही, म्हणून यंदा तुझंही वाढलं. माया आली, बस. कावळा शिवेना, तेव्हा वैतागून म्हटलं, "शिव रे बाबा, सुटू दे एकदाचा तो भुकेतून."

त्याने तुझाच घास उचलला. घरात आले तर तुझी खुर्ची रिकामी.

सुटलास तू. मीच सोडवलं, अक्कल नव्हती म्हणून.

मनगटावरची जखम भरत आलीय. रोज खपली काढते.

तुझीच चेटकीण,
हौसा