विमान वर असेपर्यंत

२ मार्च

आले एकदाची! जिन्यावरून ट्रंक चढवताना एक कडी मी धरली होती आणि दुसरी घरमालकिणीने. मधल्या पायरीवर थांबून तिने विचारलं, दगड भरलेत का गं आत? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाली, म्हणजे तेच. मग आम्ही दोघी तिथेच हसत बसलो. मला वहिनी म्हण, असं तिनेच सांगितलं. तिचा नवरा इथल्या फ्लाइंग क्लबचा वैमानिक. हवाई कसरती करतो. सगळे त्यांना कप्तान म्हणतात.

खोली माझ्या मनासारखी आहे. पिवळ्या भिंती, टेबलाचा एक पाय आखूड, खिडकीतून सरळ धावपट्टी दिसते. उद्यापासून मी क्लबच्या प्रदर्शनांची साहाय्यक निवेदिका! नानांना अजून हसू आवरत नाही. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळा घरातच होती. गणित नानांकडे, बाकी सगळं आत्याकडे. काहीही सांगायला गेलं की आत्या आधी विचारायची, पाहिलंस की ऐकलंस? ऐकलं असेल तर तसं कबूल करावं लागे, आणि दोन्ही नसेल तर गप्प बसावं लागे. त्यामुळे मी बोलण्याआधी फार वेळ घेते. नाना म्हणाले, तुझ्यामुळे माइकला तेवढीच विश्रांती.

५ मार्च

निवेदनाची केबिन म्हणजे लोखंडी शिडीवर ठेवलेला काचेचा डबा. दुपारी आत भट्टी होते. मला शिकवणारे ज्येष्ठ निवेदक बुटके आणि गोल आहेत. त्यांना सगळे तोंडावरच भोंगा म्हणतात आणि ते ओ देतात.

त्यांचं म्हणणं असं की लोक नुसते वर बघतात, त्यांना दिसत काही नाही. आपण सांगितलं की मग दिसतं. त्यांचा नियम एकच, विमान वर असताना गप्प बसायचं नाही. शब्द सुचला नाही तर वाऱ्याबद्दल बोल, ढगांबद्दल बोल, माझ्या टकलाबद्दल बोल, पण बोल. चाकं जमिनीला टेकली की “वैमानिक सुखरूप उतरले आहेत” एवढं म्हणायचं आणि बटण बंद करायचं. ते म्हटलं नाही तर लोक पाणी पिणाऱ्या कोंबड्यांसारखे माना वर करून उभेच राहतात म्हणे.

७ मार्च

आज जेवताना कप्तानांनी माझी परीक्षा घेतली. हातातला चमचा विमानासारखा उडवत मला निवेदन करायला लावलं. चक्र, गिरकी, उलटं उड्डाण इथपर्यंत मला जमलं. मग त्यांनी चमचा भलत्याच दिशेला वळवला आणि मी थांबले. चमचा धप्पदिशी ताटात पडला. थांबलीस की आम्ही मेलो, असं म्हणून ते मोठ्याने हसले. वहिनींनी त्यांना दटावलं, जेवताना असलं अभद्र बोलू नका म्हणून.

नंतर त्यांनी खरंच समजावून सांगितलं. निवेदन त्यांच्या कानातल्या हेडफोनमध्येही ऐकू येतं. त्यांनीच तशी सोय करून घेतली आहे. उलटं लटकलेलं असताना रक्त डोक्यात येतं, आभाळ आणि जमीन एकाच रंगाची दिसतात. अशा वेळी खालून एक माणसाचा आवाज येत असला की जमीन कुठे आहे ते शरीराला कळतं.

हे मी ऐकलं आहे, पाहिलेलं नाही. पण झोप लागत नाही.

१० मार्च

जे पाहिलं तेवढंच लिहिते.

ऊन स्वच्छ होतं. भोंगाकाकांनी सुरुवात करून दिली आणि माइक माझ्या हातात दिला. लाल विमान आलं. मी चक्र म्हणाले आणि चक्र झालं. गिरकी म्हणाले आणि गिरकी झाली. खाली लोक टाळ्या वाजवत होते. मला इतकं सोपं वाटायला लागलं की मी चक्क वाऱ्यावर एक विनोदही केला.

मग विमान डावीकडे वळायला हवं होतं, ते सरळ वर गेलं. क्रमात असं काही नव्हतं. खूप वर जाऊन ते थांबलं, अगदी टांगल्यासारखं. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. चुकीचं नाव सांगायला नको म्हणून मी थांबले. एका श्वासाएवढीच.

विमान शेपटीच्या बाजूने घसरलं, वाळलेल्या पानासारखं फिरलं आणि उताणं झालं. नाक आभाळाच्या बाजूला ओढून घ्यायला हवं होतं, ते उलट जमिनीच्या बाजूला ओढलं गेलं. झाडांच्या रांगेपलीकडे ते गेलं. आवाज नंतर आला. कुंपणाजवळची एक बाई त्यानंतरही टाळ्या वाजवत होती.

वहिनी पहिल्या रांगेत होत्या.

१२ मार्च

चौकशी अधिकाऱ्यांना मी स्वतः होऊन सांगितलं की मी मध्येच थांबले होते. ते भले गृहस्थ आहेत. यंत्रात बिघाड होता, तुमच्या बोलण्या-न बोलण्याने विमानं पडत नसतात बाई, असं म्हणाले. भोंगाकाकाही म्हणाले, वेडी आहेस का, असल्या वेळी माझीही वाचा बसली असती.

पण त्यांची बसली नसती. माझ्या हातातून माइक घेऊन लोकांना मागे व्हायला तेच सांगत होते.

वहिनी रडत नाहीत. पाहुण्यांना पाणी देतात आणि रिकामे पेले विसळून उपडे घालतात.

१४ मार्च

दुपारी इंजिनाचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. आकाश मोकळं होतं. क्लबची सगळी विमानं कुलपात आहेत.

खाली अंगणात वहिनी ओला टॉवेल हातात घेऊन वर बघत होत्या. त्यांची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती. झाडांपाशी जाऊन ती परत फिरली. मग माझ्या लक्षात आलं की माझीही मान तशीच फिरते आहे.

आम्ही दोघींनी काहीही पाहिलं नाही. दोघींनी ऐकलं.

१६ मार्च

वहिनी वर आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत होत्या. मग म्हणाल्या, तू ते शेवटचं वाक्य म्हटलंच नाहीस ना गं. ह्यांना कसं कळणार प्रदर्शन संपलं म्हणून? घिरट्या घालतायत बिचारे. पेट्रोल तरी किती पुरणार.

एकदा म्हण, म्हणाल्या. माझ्यासाठी.

मी म्हटलं, वहिनी, आपण दोघींनी पाहिलंय. सुखरूप कसं म्हणू? मी आजवर असं कधी —

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, म्हणून तर. तू न पाहिलेलं बोलत नाहीस हे त्यांना माहीत आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

१८ मार्च

आवाज खाली आला आहे. आज काचा थरथरल्या. आखूड पायाचं टेबल आपोआप नाचत होतं. भोंगाकाकांना विचारलं. त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यांनी मला रजा घे म्हणून सांगितलं, घरी जा, नानांकडे.

कशी जाऊ? वहिनी जेवत नाहीत. दिवसभर अंगणात उभ्या असतात. चेहरा उन्हाने सोलवटला आहे. आवाज छपरावरून गेला की दोरीवरचे कपडे एकाच बाजूला उडतात. वारा नसतो.

मी खोटं बोलले तर ते खाली येतील. नाही बोलले तर वहिनी अशाच उभ्या राहून संपतील. आत्याला पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. तिचं उत्तर मला ठाऊक आहे.

२० मार्च

म्हटलं.

दुपारी केबिनमध्ये कुणी नव्हतं. आवाज डोक्यावर होता. बटण दाबलं. वैमानिक सुखरूप उतरले आहेत. माझाच आवाज रिकाम्या मैदानावरून परत आला.

आणि शांतता.

वहिनी जेवल्या. दोन वेळा वाढून घेतलं. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि बसल्या जागी झोपून गेल्या. मला वाटलं होतं जीभ झडेल. उलट हलकं वाटतं आहे. एवढंच होतं तर आधीच का नाही —

२१ मार्च, सकाळ

धावपट्टीवर विमान उभं आहे.

लाल. शेपटी शाबूत. पंखा संथ फिरतो आहे. गवत कापणारा माणूस त्याच्या शेजारून यंत्र ढकलत गेला. त्याने मान वळवली नाही.

ऐकलं नाही. पाहिलं. पाहते आहे.

वहिनी इस्त्रीचे कपडे घालून गवतातून चालल्या आहेत. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी मागे वळून हात हलवला, माहेरी निघाल्यासारखा. विमानात दोन जागा आहेत हे मला —

मी जाते.

त्याच दिवशी, केबिन

पोचेपर्यंत ते वर गेलं होतं. दोघं.

माइक चालू केला. बोलते आहे. थांबले नाही. हात मोकळा म्हणून लिहिते. चक्र झालं, सांगितलं. वाऱ्याबद्दल सांगितलं. ढग नाहीत ते सांगितलं. वहिनींच्या पेल्यांबद्दल, पिवळ्या भिंतींबद्दल —

उतरले आहेत, असंही म्हणून पाहिलं. नाही उतरत. आता माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास —

उलटं आहे. जमीन खाली आहे कप्तान, जमीन माझ्या बाजूला आहे, इकडे —

घसा फाटला. तरी बोलते.

खाली भोंगाकाका. मैदान रिकामं आहे पोरी, कुणाशी बोलतेस, खाली ये म्हणून ओरडतायत. त्यांना उत्तर द्यायचं तर इथे थांबावं लागेल —

शिडी चढतायत. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या. भले आहेत फार —

दार उघडलं. नको काका — मानेने नाही म्हणते आहे, कळत नाही त्यांना — ती दोघं अगदी वर आहेत, टांगलेली — काकांनी मला एका हाताने जवळ घेतलं आणि दुसरा हात बटणाकडे —