कॅमेरा घ्यावा की नाही, याबद्दल शिगेझोकाकांना

तीर्थरूप शिगेझोकाका यांना,

तोक्योहून तोमोहिसाचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार. गुडघा कसा आहे? सफरचंदं उतरवायला शिडीवर चढू नका, असं सानाए सांगते आहे (म्हणजे तुम्ही चढून उतरलाही असाल). आमच्याकडे थंडी पडली. रजई पांघरलेलं शेगडीचं टेबल मांडलंय आणि त्याखालून पाय बाहेर काढायला आम्हा नवराबायकोपैकी कोणीही तयार नाही, त्यामुळे घरातली बरीच कामं थांबली आहेत.

पत्राला तसं खास कारण नाही. तुमचा सल्ला हवा होता, एवढंच. माझा जुना फिल्मचा कॅमेरा तुम्हाला माहीत आहे. त्याचा दोष एकच, तो बिघडत नाही. बिघडला असता तर नवा मागायला मला तोंड तरी राहिलं असतं. अशात स्टेशनामागच्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या हिरुकावासाननी एक जर्मन रेंजफाइंडर कॅमेरा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "घेऊ नका हो, नुसता धरा." (याच एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या पेठेला कॅमेरे विकलेत.) काका, काय वजन, काय घडण! खटका दाबला तर आवाज इतका हळू, की शेजारच्या खोलीत कोणी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या असं वाटावं. किंमत लिहीत नाही, तुमच्या रक्तदाबाची मला काळजी आहे. सानाएला सांगितली तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "एवढ्या पैशांत तो भांडीही घासतो का?" शेवटी असं ठरलं, की दोन दिवस उसना आणायचा, तुमच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला वापरायचा आणि फोटो बघून निर्णय घ्यायचा.

वाढदिवसाला काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मधल्या माणसाला खुर्चीवरून सगळं दिसत नाही, म्हणून सांगतो. तुम्ही अठ्ठ्याऐंशीच्या मानाची पिवळी टोपी आणि पिवळं जाकीट घालून बसला होतात. तुमच्या डावीकडे किकुएआत्या, उजवीकडे फुसाआत्या. आजीच्या बरणीवरचा लोणचं दाबायचा दगड कोणी नेला, यावरून या दोघी बहिणी किती वर्षं बोलत नाहीत ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय. मी म्हटलं, "आत्या, दोघी काकांच्या मागे या, चौकटीत मावत नाही." (मावत होतं.) दोघी आल्या. फुसाआत्या समोर बघत पुटपुटल्या, "दगड नेऊनसुद्धा तुझं लोणचं खारटच." किकुएआत्या म्हणाल्या, "मग चार वेळा वाढून काय म्हणून घेतलंस, भवाने?" आणि दोघी अशा हसल्या की फुसाआत्यांना तोल सावरायला बहिणीची बाही धरावी लागली. काका, मी त्याच क्षणी खटका दाबला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता तो.

होता म्हणजे, झाला असता. या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. हिरुकावासाननी फिल्म धुतली, दिव्यापुढे धरली आणि बराच वेळ घसा खाकरत राहिले. एका घरगुती समारंभाचं इतकं पूर्ण अंधारात चित्रण त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. (माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं झाकण केव्हाच हरवलंय, म्हणून तो कधी चुकला नाही.) आता आठवतं, तुम्ही बोट वर करून काही सांगत होतात. मला वाटलं, लाजताय. मीच ओरडलो, "काका, हात खाली!"

तरी तुम्हीच सांगा, यात कॅमेऱ्याची काय चूक? उलट इतका शुद्ध काळा रंग साध्या कॅमेऱ्यात येत नाही. तेव्हा घ्यावा की नाही, वडीलकीच्या नात्याने स्पष्ट कळवावं. आत्यांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
तोमोहिसा

ता.क. "फोटो अजून धुवून आले नाहीत" असं सानाएला सांगितलंय. तेव्हा येत्या रविवारी तुम्ही पुन्हा एकदा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे व्हाल का? पिवळी टोपी, तेच पाहुणे, तेच कपडे. आत्यांनी मात्र आदल्या दिवशी पुन्हा भांडण करून ठेवावं, नाहीतर तसं हसू यायचं नाही. सानाएला मी काहीतरी निमित्त सांगेन.

दुसरा ता.क., सानाएकडून. काका, नमस्कार. तिकीट लावायला यांनी हे पाकीट माझ्याकडेच दिलं आणि चिकटवायला विसरले. झाकण मला मागच्या रांगेतून दिसत होतं. पण मी बोलले असते तर सगळे हलले असते आणि फुसाआत्यांनी बाही सोडली असती, म्हणून गप्प राहिले. रविवारी आम्ही येतोच, आत्यांनाही एकमेकींना पुन्हा भेटायला निमित्त होईल. तो कॅमेरा त्यांना घेऊ द्या. झाकण माझ्या पर्समध्ये राहील.