कंदीलवाली बाई आणि बावीस तारखेचा साखरपुडा

इंदूर, ता. ९

आदरणीय अरविंदराव,

शाम डोंगरेचा इंदूरहून तुम्हाला आणि सौ. वहिनींना मनापासून नमस्कार. (माझा उजवा अंगठा सध्या भरताच्या वांग्याएवढा झाला आहे, त्यामुळे हात नीट जुळत नाहीत. नमस्कार जरा तिरका पोचला तर सांभाळून घ्यावं. कारण पुढे येतंच आहे.) वहिनींची साखर ताब्यात असेल, तुमचा गुडघा तुम्हाला जिना चढू देत असेल आणि मिरजेतली सगळी मंडळी खुशाल असतील, अशी आशा आहे. आमच्याकडे तब्येती ठीक. बाकीच्या गोष्टी ठीक नाहीत, म्हणून हे पत्र.

आता तुम्ही म्हणाल, फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग हा माणूस कुरिअरने कागद का पाठवतोय? तर आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय होतच नाही. सौ. सुलोचना भाजी निवडता निवडता मधूनच उत्तरं देते, आणि खाली वर्कशॉपमध्ये देवेंद्र (अठरा वर्षं माझ्याकडे मोटरचं वाइंडिंग करतोय, माणूस सोन्यासारखा, आवाज भोंग्यासारखा) जिन्यातून ओरडून विचारतो, "क्या बोल रिये हैं मिरज वाले?" अशा ठिकाणी नाजूक विषय काढायचा कसा? आणि विषय फार नाजूक आहे. बावीस तारखेचा आपल्या मुलांचा साखरपुडा काही दिवस पुढे ढकलावा, असं मला वाटतं.

घाबरू नका, आधी पूर्ण वाचा. (तुम्ही छत्तीस वर्षं गणित शिकवलंत. उत्तर आधी बघून रीत नंतर वाचणारा मुलगा तुम्हाला आवडला नसता.) झालं असं, की गेल्या महिन्यातल्या एका रविवारी चि. अनीश त्याच्या इथल्या खोलीवरून आमच्याकडे जेवायला आला. सुलोचनाने भुट्ट्याचा कीस केला होता. तुमच्या मुलाला आमचा कीस इतका आवडतो, की तो कढईकडे बघत बोलतो. त्या दिवशी तो कीस तसाच ठेवून उठून गेला. यावरून प्रकरण केवढं असेल ते ओळखा. भांडण होतं गेमवरून. कॅरम किंवा पत्ते नाहीत. टीव्हीला एक डबा जोडतात, हातात कंट्रोलर घेतात, त्यात एक चिलखतवाला माणूस तलवार घेऊन फिरतो आणि मरतो. परत उठतो, परत मरतो. म्हणजे मरणं हाच मुख्य कार्यक्रम, मध्ये मध्ये थोडं चालणं. अशा गेमची म्हणे एक जातच आहे आणि आपली दोन्ही मुलं त्या जातीची. पण आमच्या उर्वीचा गेम वेगळा, अनीशचा वेगळा. इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी त्यांचं बारसं केलंय : उर्वीचा तो किल्ला, अनीशची ती दलदल.

अनीश म्हणाला, तुझा किल्ला सोपा आहे, त्यात मदतीला माणूस बोलावता येतो. उर्वी म्हणाली, तुझी दलदल अवघड नाहीच, ती अन्यायी आहे. तो म्हणाला, एकच गोष्ट. ती म्हणाली, "एकच? ज्या माणसाला अवघड आणि अन्यायी यांतला फरक कळत नाही, त्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं कशी काढू?" आणि तो उठला. सुलोचना दारापर्यंत ताट घेऊन मागे गेली. "काकू, पोट भरलंय," असं म्हणाला. अरविंदराव, मी पानावर बसून ऐकलं आहे, त्या मुलाचं पोट तेव्हा बोलत होतं.

दुसऱ्या दिवसापासून उर्वी घरात डबे हळू लावायला लागली. तुम्हाला हे लहानसं वाटेल. माझी लेक रागावली की डबे आपटते, आणि आपटले की तासाभरात राग जातो, हे मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. हळू लागलेला डबा मी पहिल्यांदा ऐकला. त्याच संध्याकाळी अनीशने स्वतःचा डबा (टीव्हीचा) चादरीत गुंडाळून देवेंद्रबरोबर पाठवला. सोबत चिठ्ठी, की काका, तुम्ही दोन्ही खेळून बघा आणि सांगा, तुमचा निकाल मला मान्य. उर्वीला विचारलं, तर ती म्हणाली, बाबांचा निकाल मलाही मान्य.

आता मीच का? तर तुम्हाला ठाऊक आहे, नववीतून शाळा सोडली आणि इथल्या पोलोग्राउंडच्या कारखान्यांमध्ये जळालेल्या मोटरी खांद्यावर वाहण्यापासून सुरुवात केली. आज त्याच भागात लोक भांडण घेऊन माझ्याकडे येतात. शेतकरी म्हणतो मोटर खराब होती, दुकानदार म्हणतो याने वाट्टेल त्या व्होल्टेजवर चालवली. मी मोटर उघडतो आणि जळालेली तार बघून सांगतो, की दोष बनवणाऱ्याचा की चालवणाऱ्याचा. तेहेतीस वर्षांत माझ्या निकालावर कुणी पुन्हा बोललेलं नाही. मी म्हटलं, हेही तेच आहे. प्रत्येक वेळी मेलो की विचारायचं, चूक माझी की बनवणाऱ्याची? पहिलं उत्तर आलं तर गेम अवघड, दुसरं आलं तर अन्यायी. झालं! केवढंसं काम! रोज दीड ते साडेतीन वर्कशॉप बंद असतं, तेवढ्या वेळात आठवड्याभरात उरकेल असं वाटलं.

किल्ल्यात शिरलो तर दारात एक म्हातारा उभा. मला वाटलं चौकीदार. जवळ जाऊन उभा राहिलो, म्हटलं काही विचारेल. त्याने फावड्याने मारलं. ठीक, ओळख नव्हती. पुढे एक दुकानदार भेटला, भिंतीला टेकून बसलेला, बोलायला गोड. दोन धंदेवाले भेटले की मन मोकळं होतं, म्हणून मी बोलण्याचं बटण दाबायला गेलो आणि अंगठा घसरून त्याच्या डोक्यात तलवार बसली. त्याने मला तिथेच मारलं, आणि तेव्हापासून मी दिसलो की दुकान सोडून सुरा काढतो. मी उर्वीला म्हटलं, बाळ, माफी मागायचं बटण कुठलं? म्हणाली, नाही तसं बटण. चूक कुणाची? माझी. मान्य. (देवेंद्रचं मत वेगळं पडलं. "भिया, गिराक से ऐसा करोगे तो दुकान कैसे चलेगी?" असं तो टीव्हीला म्हणाला.)

त्यानंतर आला किल्लेदार. घंटेएवढी गदा. त्याने मला एक्केचाळीस वेळा मारलं. एक्केचाळिसाव्या वेळी मी कंट्रोलर खाली ठेवला आणि डोळे मिटून बसलो, तर काय! गदा उचलण्याआधी त्याच्या खांद्यातून आवाज येत होता, खर्रर्र. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. ग्रीस संपलेलं बेअरिंग! खाली जाऊन लांब पेचकस (म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर) आणला. आम्ही मोटर तपासतो तसं टोक टीव्हीच्या स्पीकरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कानात किल्लेदाराचा सगळा कारखाना उघडला, अरविंदराव! एक खर्रर्र म्हणजे डावीकडून, दोन म्हणजे वरून, आणि किरकिर आली की तो स्वतःच दमलाय. पेचकस देवेंद्रने धरला, कान मी लावला, खर्रर्र आली की लोळण, किरकिर आली की वार. सुलोचना चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अहो, टीव्हीला ताप आलाय का?" आणि त्याच क्षणी किल्लेदार गुडघ्यावर आला आणि कोसळला! मी आणि देवेंद्र एकमेकांना मिठी मारून नाचलो. माझ्या वयाच्या माणसाने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली, की समोरच्या द्वारकाबाई आम्हाला नातू झाला का विचारायला आल्या. (त्यांना सांगितलं, अजून साखरपुडाच व्हायचाय. त्या नाराज होऊन गेल्या.)

तेव्हा किल्ल्याचा निकाल सोपा होता : अवघड, पण न्यायी. मारण्याआधी सांगतो. ज्याला कान आहे त्याला सांगतो.

मग दलदल. आता इथे तुमच्या मुलाच्या आवडीबद्दल लिहायचं आहे, म्हणून शब्द जपून वापरतो. दलदल भिकार आहे. पहिल्याच वळणावर एक तिजोरी दिसली. आनंदाने उघडली, तर तिला दात. तिजोरीने मला खाल्लं. मी आयुष्यात पुष्कळ तिजोऱ्या पाहिल्या, बहुतेक दुसऱ्यांच्या, पण एकीने जबडा उघडला नव्हता. बरं, किल्ल्यात मेलात तर किल्लेदाराच्या दाराबाहेरच उठवतात, लगेच परत भिडता येतं. दलदलीत तसं नाही. समजा तुम्ही इथल्या सराफ्याच्या तोंडाशी पडलात, तर तुम्हाला उठवणार कित्येक कोसांवरच्या मानपुरात, आणि तिथून चिखलातून चालत या, वाटेत बेडूक थुंकणार. आणि एवढं चालून गेल्यावर ती बाई. हातात कंदील, पांढरी साडी म्हणा किंवा झगा म्हणा, शांत उभी. तिने मला त्रेसष्ट वेळा मारलं, बटणं दाबून अंगठ्याचं वांगं झालं ते इथेच. मी पेचकस लावला, कान लावला. काही नाही! ना खर्रर्र, ना किरकिर, ना पैंजण. बाई अगदी गुपचूप मारते. अनीशने चिठ्ठीत लिहिलं होतं, की हा गेम भयाण शांत आहे. म्हटलं, खरंच की! सात दिवस मी त्या शांततेत मेलो. न सांगता मारतो तो अन्यायी, यात मला शंका उरली नाही.

म्हणजे उर्वी बरोबर, अनीश चूक. आणि माझं दुखणं इथेच आहे. निकाल खरा द्यायचा, तर होणाऱ्या जावयाला पहिल्याच फेरीत हरवायचं. खोटा द्यायचा, तर पोलोग्राउंडमध्ये तोंड कसं दाखवू? इकडे लेकीचे डबे दिवसेंदिवस हळू लागतायत. तेव्हा साखरपुडा थोडा पुढे न्यावा, तेवढ्यात तुम्ही तुमच्या मुलाला वडील म्हणून नाही, मास्तर म्हणून समजवावं, की कठीण पेपर वेगळा आणि अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर वेगळा. तुमचं तो ऐकेल. पोरगा मनाचा फार चांगला आहे, आणि कीस अजून फ्रीजमध्ये ठेवलाय. (नवा. दर दोन दिवसांनी सुलोचना ताजा करते.)

वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, लहानांना इंदूरची शेव पाठवतो, पाकीट सोबत आहे.

तुमचाच (होऊ घातलेला) व्याही,
शाम डोंगरे

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी सुलोचनाला पत्र वाचून दाखवलं. दलदलीपाशी आल्यावर ती म्हणाली, "आवाज कुठून येणार? तो मी बंद केला होता." तिची दुपारची झोप दोन ते चारची. किल्लेदाराच्या आठवड्यात तिचा डोळा लागला नाही, म्हणून दलदलीच्या पहिल्याच दिवशी तिने टीव्हीचा आवाज शून्यावर नेला आणि रिमोट उशीखाली घेऊन झोपली. सात दिवस मी मुक्या टीव्हीला पेचकस लावून बसलो होतो. देवेंद्रला विचारलं तर म्हणे, "मेरे को लगा आपको सुनाई दे रिया है." तेव्हा वर अन्यायी वगैरे जे लिहिलं ते रद्द समजावं. भिकार हा शब्दही. पत्र फाडलं असतं, पण या अंगठ्याने ते लिहायला चार दिवस लागलेत.

दुसरा ता. क. : निकाल चुकला हे कबूल करायला उर्वीकडे गेलो. ती फोनवर हसत होती. अनीशशीच! दोघांचं भांडणानंतर चौथ्याच दिवशी मिटलंय. तेव्हापासून ते दोघं मिळून फोनवर एक तिसरा गेम खेळतायत, त्यात शेती करायची असते आणि कोणी मरत नाही. डबे हळू लागत होते, कारण कानाशी फोन होता, आधी तीन दिवस भांडायला, मग गप्पांना. मला का सांगितलं नाहीत, विचारलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही किती खुश होतात! तुमचा खेळ कोण मोडणार?" अनीश मागून ओरडला, "काका, कीस आहे का?"

तिसरा ता. क. (हा फक्त तुमच्यासाठी, वहिनींना वाचून दाखवू नये) : मुलांसाठी साखरपुडा पुढे ढकलण्याचं कारण उरलं नाही, हे खरं. तरीही तो ढकलावा. अठरा तारखेपासून पाहुणे येतील, हॉलमध्ये गाद्या पडतील, टीव्हीपुढे सुलोचनाच्या माहेरची पलटण बसेल. आणि आवाज सुरू केल्यापासून ती कंदीलवाली बाई चक्क बोलते, अरविंदराव! वार करण्याआधी हलकासा श्वास घेते, नव्या मोटरसारखा. काल तिला पाव आयुष्यावर आणली. तीस तारीख करा. कारण तुमच्याकडून काहीतरी येऊ द्या, मास्तर माणसाला कुणी उलट विचारत नाही.

चौथा ता. क. : पडली! आत्ता, दुपारी सव्वातीनला! देवेंद्र जिन्यात नाचतोय. दलदल अवघड आहे पण शंभर टक्के न्यायी, तुमचा मुलगा हिरा आहे. बावीस तारीख पक्की, नक्की या!

पाचवा ता. क. : बाईच्या मागे एक दार उघडलं. आत तिची सासू बसली आहे, दोन्ही हातांत कंदील घेऊन. तीस तारीखच बघा.